पांगाऱ्याची हाडं

१९२७ साल. मी एकवीस वर्षांचा होतो, आणि रत्नागिरीत माझ्याइतका हुशार माणूस दुसरा नाही अशी माझी खात्री होती. पुढे आयुष्यभर मूर्तिकाम केलं, त्यात ती खात्री थोडी कमी झाली. फार नाही.

संपादकांचं पत्र आलं की आपल्या कलासाधनेविषयी दिवाळी अंकासाठी लिहा. साधना ऋषिमुनी करतात. मी माती मळली आणि तिची माणसं केली. माझं शिक्षण मराठी तिसरी. चौथीत गुरुजींनी गणित चुकलं म्हणून छडी मारली, आणि गणित चुकलेलं नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं नाही, मी शाळेत परत गेलो नाही. वडील सुतार होते. ते म्हणाले, "बरं झालं. रंध्याला हात लागेल." तेव्हा ज्यांना शुद्धलेखन तपासायचं असेल त्यांनी खुशाल तपासावं. मी एका हाताविषयी लिहिणार आहे. उजवा हात, कोपरापासून मनगटापर्यंत.

एवढ्याशा हातावर काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. त्याने गावोगावच्या चौकातले पुतळे जाऊन बघावेत. कोट, पगडी, उपरणं, सगळं चोख असतं. कोट घातला की आत माणूस नसला तरी चालतो, हे या लोकांना कळलं आहे. पण बाहीतून बाहेर आलेला हात बघा. मोज्यात भुसा भरावा तसा. हल्लीची मुलं फोटोवरून पुतळा करतात, आणि फोटोतल्या माणसाने हात मागे बांधलेले असले की त्यांना आनंद होतो.

आम्हाला असं शिकवलं नव्हतं. आम्हाला मास्तर होते.

मास्तर मुंबईला चित्रकला शिकलेले. छाती नाजूक. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली म्हणून मांडवीला येऊन राहिले, एका घराची मागची पडवी भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'मानवाकृतीचा वर्ग'. गावाने पाटी वाचून ठरवलं की आत नागडी माणसं उभी करतात. एकच माणूस उभा करायचे, आणि तोही लंगोट लावून. पण तेवढ्यावरून कितीतरी बायका तो रस्ता सोडून वळसा घालून जायच्या, आणि कितीतरी पुरुष आपला नेहमीचा रस्ता सोडून या रस्त्याने यायचे.

वर्गात आम्ही चौघं. तिघं शिकलेल्या घरची मुलं, आणि मी. त्या तिघांतला एकच सांगण्यासारखा आहे, तो बापू. वकिलांचा मुलगा. पुढे तो मोठा झाला, परीक्षांना बसणाऱ्या पोरांची चित्रं तपासायला लागला, आणि माणसाचा हात जन्मभर त्याला काढता आला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

मी फी देत नव्हतो. त्याऐवजी वर्गाची माती माझ्याकडे होती. शेतातली चिकणमाती आणायची, भिजवायची, गाळायची, कापूस घालून कुटायची, कणकेसारखी मळायची. बापू मातीला हात लावताना बाह्या वर करायचा आणि नाक मुरडायचा. त्यावरूनच मला कळलं होतं, याच्या हातून काही व्हायचं नाही.

मास्तरांची पद्धत अशी. सकाळी माणूस समोर उभा करायचा आणि कोळशाने त्याचं चित्र काढायचं. दुपारी त्याचेच स्नायू मातीचे करून सांगाड्यावर चढवायचे, आतून बाहेर, एकेक. स्नायू कुठल्या हाडावरून निघतो आणि कुठल्या हाडाला जाऊन चिकटतो हे बोट ठेवून सांगायचं, मगच पुढचा लावायचा. संध्याकाळी माणसाला परत उभा करून ताडून बघायचं. चुकलं तर सगळं उतरवायचं. बाहेरच्या माणसाला हे अवघड वाटतं. तसं काही नाही. स्नायू दोन हाडांना दोन टोकांनी बांधलेला असतो, आणि ओढ घेतली की मधे फुगतो. शास्त्र एवढंच. बाकीची सगळी नावं. बापूला ती संस्कृत नावं स्तोत्रासारखी पाठ होती. मला एकही नाव बोलता यायचं नाही, म्हणून मी दंडावरच्या गोळ्याला बांगडा म्हणायचो आणि पोटरीला जोडबांगडे. आकार तोच असतो, कापून बघा. मास्तर हसले होते, पण चूक म्हणाले नव्हते.

याच शिक्षणाच्या जोरावर पुढे मी मारुती केले. एका तालमीने मारुती सांगितला. मी नीट केला, उभा राहिला तर उडेल असा. तालमीचे वस्ताद पोटाकडे बघून म्हणाले, "वड्या कमी दिसतात." मी म्हटलं, "माणसाला असतात तेवढ्या आहेत." म्हणाले, "आम्ही जास्त करतो." मी त्यांना सांगितलं, तुम्ही पोटावर करा, मी मूर्तीवर करणार नाही. ती मूर्ती त्यांनी दुसरीकडून करून घेतली. अजून आहे. बटाट्याचं पोतं वाटतं.

तर सांगाडा. खरा सांगाडा मास्तरांनी आणलाही असता, पण घरमालकीणबाईंनी दारात उभं राहून सांगितलं होतं, "मेलेल्याची हाडं आलीत तर तुमचं सामान त्याच पावली बाहेर." मग मास्तर मला म्हणाले, "दत्ताराम, तू सुताराचा ना? लाकडाची करशील?"

करशील का म्हणून विचारायचं नसतं मला. मी पांगारा आणला. हलकं, मऊ लाकूड, खेळणी करतात त्याचं. मास्तरांकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात मोठी चित्रं. त्यात माणूस तळवे पुढे करून उभा, कुणीतरी तांदूळ घालील म्हणून वाट बघत असल्यासारखा. त्या चित्रांवरून मोजमाप घेऊन मी सबंध पावसाळाभर एकेक हाड केलं. पुरुषभर उंचीचा सांगाडा. बरगड्या बघायला गावातली माणसं यायची.

कोपराखाली दोन हाडं असतात. एक करंगळीच्या बाजूचं, एक अंगठ्याच्या बाजूचं. चित्रात ती शेजारी शेजारी उभी होती, तशी मी केली. पण नुसती ठेवली की ती खडखडायची, एक दुसऱ्यावर घसरायचं. सुताराच्या घरात सांधा हलला म्हणजे अब्रू गेली. मी गिरमिटाने वरखाली दोन भोकं पाडली, बांबूच्या खुंट्या ठोकल्या, तासल्या, घासल्या, वरून मेण लावलं. खुंटी आहे हे सांगूनही दिसली नसती. वडील बघायला आले. त्यांनी तो हात धरला, हलवून बघितला. काही हललं नाही. म्हणाले, "काम बरं आहे." त्यांनी मला जन्मात दोनदा असं म्हटलं. त्यातली ही पहिली वेळ.

या खुंट्या ध्यानात ठेवा.

त्याच्या दोन वर्षं आधी राघो तांडेलाचं गलबत अंजनवेलच्या खाडीच्या मुखाशी फुटलं होतं. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. त्याने चारही खलाशी होडीत उतरवले आणि होडी सुटेपर्यंत गलबताचं तोंड वाऱ्याला धरून स्वतः सुकाणूवर उभा राहिला. चौघं आले. राघो आला नाही. त्याचं प्रेतही आलं नाही.

प्रेत मिळालं नाही की गवताचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग पुढचं सुतक वगैरे. त्याशिवाय बाई विधवा होत नाही. राघोच्या बायकोने, भागीने, ते करू दिलं नाही. "गवताचा भारा माजा घो न्हाय," असं तिने सगळ्या जातभाई खारव्यांसमोर सांगितलं, आणि कपाळाला कुंकू तसंच ठेवलं. दोन वर्षं. तिला सवाष्ण म्हणावं की काय म्हणावं, हे कुणाला कळेना, म्हणून बायकांनी तिला घरी बोलावणं सोडलं. विहिरीवर ती आली की बाकीच्या कळशा उचलायच्या. ती परत येणाऱ्याची वाट बघत होती असं नाही. तिला खुळं समजू नका. माझ्या माणसाला मी बघितल्याशिवाय निरोप देणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

गलबत ज्यांचं होतं त्या शेठनी तोड काढली. राघोचा पुतळा करायचा, सुकाणू धरलेला, आणि वखारीच्या दारात बसवायचा. शेठ तिला म्हणाले, "भागी, तू येऊन बघ. तुला राघो दिसला तर मग निरोप दे." ती कबूल झाली. खारव्यांच्या पाटलांनी वर एक अट घातली. कार्तिकातल्या अमावास्येपर्यंत काय ते होऊ दे. नाहीतर त्या दिवशी गवताचा करणार, ती हो म्हणो की नाही. कुंकू पुसायला चार बायका धरून बसतील.

पुतळा मास्तरांकडे आला. मास्तरांना रत्नागिरीत आल्यापासून मिळालेलं हे पहिलं मोठं काम.

राघोचा धाकटा भाऊ पांडू अंगाने अगदी राघोसारखा, म्हणून त्याला उभा केला. पहिल्या दिवशी त्याने मास्तरांना विचारलं, "दिवसभर उबा ऱ्हायचा नि काय करायचा न्हाय?"

"काही नाही करायचं."

"मंग सांजला दमलो तं बायकोला काय सांगू?"

पांडूला स्वस्थ उभं राहता यायचं नाही. समुद्रावरचा माणूस, जमिनीवर डोलायचा. बापू त्याच्या खांद्याकडे बोट दाखवून ओरडायचा, "पांडू, तुझा अंसच्छद हलतोय." पांडू म्हणायचा, "माज्याकडं आसला काय न्हाय. आसला तं आवशीला म्हायत." मास्तरांनी मग सोपं केलं. हात हवेत धरून तो दमतो, तर त्याने पुस्तकातल्यासारखे तळवे पुढे करून हात खाली सोडावेत. आमचा सांगाडाही तसाच होता. ताडून बघायला बरं. पांडू एकदा म्हणाला, "सुकाणू आसा धरत न्हायत." त्याला गप्प राहायला सांगितलं. सांगणाऱ्यांत मीही होतो.

कोपराखालचे स्नायू असे आम्ही तळवा पुढे ठेवून शिकलो, आणि पुतळ्यावर तसेच्या तसे चढवले. पुतळ्याचा पंजा मात्र सुकाणूच्या दांड्यावर पालथा हवा होता. मग पंजा मनगटातून वळवला. त्यात काही चूक आहे असं मास्तरांच्या किंवा आम्हा चौघांच्या मनात आलं नाही. शिकलेली माणसं होती ना.

भागी आली ती शेठ, पाटील आणि पांडूबरोबर. तिशीची असेल. तिने पुतळ्याभोवती एक फेरी घातली, मग दुसरी. शेवटी शेठ म्हणाले, "काय गो, आहे ना राघो?"

"तोंड सोडा," ती म्हणाली. "तोंड कसा पन करता येतां. ह्यो हात कोनाचा?"

मास्तर म्हणाले, "राघोचाच. पांडूवरून घेतला आहे."

"ह्यो मेलेल्या मानसाचा हात हाय. बुडालेल्याचा आसा आसतां, मनगटात लुळा. माजा घो मेला काय जिता हाय, मी बगायला गेले न्हाय. पन सुकाणूवर व्हता तवा तो जिता व्हता."

बापूला राहवेना. त्याने पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. "बाई, हे बघा. हे शास्त्र आहे. विलायतेतल्या डॉक्टरांनी काढलेलं."

तिने चित्र नीट बघितलं. मग बापूला विचारलं, "ह्या मानसाला तेल कोन चोळता?"

बापूने पुस्तक मिटलं.

"माजा घो दर्यावरनं आला का त्याचा ह्यो हात आकडलेला आसायचा," ती मास्तरांना म्हणाली. "धा वर्सं मी उंडीचा तेल चोळलाय. ह्यो न्हाय."

पाटील म्हणाले, "चला. अमावास्येला गवताचा करू." भागी पदर घेऊन पुढे झाली. अमावास्येला दहा दिवस होते.

त्या दिवशी मी काय विचार केला ते लिहितो, कारण खरं लिहायचं म्हणून बसलो आहे. मी विचार केला, अडाणी बाई आहे. मराठी तिसरी पास झालेला मी.

मास्तरांनी तो हात मोडला आणि परत केला. मोडला आणि परत केला. रोज पुस्तक काढायचे, सांगाड्यापाशी जायचे, बोट ठेवून एकेक स्नायू मोजायचे, आणि सगळं बरोबर यायचं. खोकला वाढला. चौथ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला घरी थांबवलं. कुणाच्या दाराची चौकट होती, तिला भोकं पाडायची होती. मी उघड्या अंगाने बसलो आणि गिरमिट फिरवायला लागलो. गिरमिट म्हणजे सामता, हाताने पिळून लाकडात भोक पाडायचं हत्यार. फिरवता फिरवता माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं.

वाचणाऱ्याने आता हे पान खाली ठेवून उजवा हात मांडीवर ठेवावा, तळवा वर. डाव्या हाताने तो कोपराच्या जरा खाली धरावा. आता तळवा पालथा करा. हातात काय वळलं ते बघा. करंगळीचं हाड जागच्या जागी राहतं. अंगठ्याचं हाड त्याच्यावर आडवं येऊन पडतं, कात्रीच्या पात्यासारखं. आणि त्या हाडाबरोबर वरचे सगळे स्नायू पिळले जातात, धोतर पिळावं तसे. मनगट वळत नाही. हात वळतो, कोपरापासून. रोज शंभरदा जेवता-उठता आपण हे करतो, आणि जन्मभर बघत नाही.

मी एकवीस वर्षं बघितलं नव्हतं. आणि आमच्या सांगाड्याची ती दोन हाडं मी खुंट्या ठोकून एकमेकांना जखडली होती. घासून, मेण लावून.

लगेच जाऊन सांगितलं असं वाटत असेल तर माझा स्वभाव तुम्हाला कळलेला नाही. मी दोन दिवस गप्प बसलो. गावाने वाखाणलेला सांगाडा. वडिलांनी बरा म्हटलेला हात. मी स्वतःशी म्हणत होतो, मास्तर एवढे शिकलेले, त्यांना कळायला नको? आणि खरंच त्यांना कळायला हवं होतं. त्यांच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं, त्यांनी मला नंतर ती ओळ मराठीत करून सांगितली, 'हे अस्थि दुसऱ्याभोवती फिरते'. वाचलं होतं, पाठही होतं. पण मुंबईत ते शिकले प्लास्टरच्या ठोकळ्यांवरून, आणि प्लास्टर फिरत नाही. हाडाला हात त्यांनी कधी लावलेलाच नव्हता. म्हणजे एकाने वाचून बघितलं नाही आणि दुसऱ्याने करून बघितलं नाही. अशी आमची शाळा.

दुसऱ्या दिवशी बापू पडवीच्या बाहेर त्या दोघांना सांगत होता, "मास्तरांची नजर गेली. आजारी माणसाकडून काम करवून घ्यायचंच नाही." मी माती मळत होतो. ऐकलं आणि मळत राहिलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहून टाकतो.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला एक चिठ्ठी दिली. "शेठच्या वखारीवरून जातोस ना, एवढी दे." चिठ्ठी मिटलेली नव्हती. हे काम माझ्याने होणार नाही, क्षमा असावी, असं दोन ओळींत होतं. तेवढं वाचायला तिसरी पुरते.

मी वखारीकडे गेलो नाही. घरी गेलो, बारीक करवत घेतली, परत आलो. वर्ग चालू होता. सांगाड्याचा उजवा हात काढला, गुडघ्यात धरला आणि खुंट्या कापायला लागलो.

बापू म्हणाला, "अरे, काय करतोस? वेड लागलं का?"

मास्तर उठून आले. खुंट्या कापून झाल्या. दोन्ही हाडं खडखडायला लागली. मी पंजा पालथा केला. अंगठ्याचं हाड दुसऱ्यावर आडवं आलं, आपोआप, त्याला शिकवावं लागलं नाही.

मास्तरांनी स्वतःचा हात पुढे केला आणि तो उलटा-पालटा करत राहिले, नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखे.

"खुंट्या कुणी मारल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

"का?"

"हलत होतं."

ते हसायला लागले आणि हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "काम फार चांगलं केलं होतंस रे." मला त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. चिठ्ठी मी त्यांच्या हातात परत दिली. ती कुठे गेली मला माहीत नाही.

पांडूला परत बोलावलं. या वेळी कुणाला तरी सुचलं म्हणून वखारीतून जुनं सुकाणू आणलं आणि त्याचा खरा दांडा त्याच्या हातात दिला. जो माणूस घटकाभर स्वस्थ उभा राहत नव्हता, तो दांडा धरून सबंध सकाळ उभा राहिला. हलला नाही. बापूने त्याला पाणी विचारलं तर म्हणाला, "आता नको. धरलाय." आम्ही त्या हाताचं चित्र काढलं, मग हाडं तशीच आडवी ठेवून आतून एकेक स्नायू चढवला. पिळलेले. कोपराच्या वरून निघून अंगठ्याकडे जाणारा एक लांब गोळा असतो. तळवा पुढे असताना तो बाजूला गप्प पडून असतो. दांडा आवळून धरला की तो हातावरून तिरका पुढे येतो, जहाजाच्या दोरासारखा. तो मी केला. मास्तरांनी करू दिला. बापूला त्या वेळी फक्त फडका भिजवायला सांगितला होता, आणि तेही त्याने धड केलं नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी पांडू भागी वैनीला घेऊन आला. शेठ नाहीत, पाटील नाहीत. पांडूनेच आणलं. घरी जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक.

या वेळी तिने फेरी घातली नाही. तोंडाकडे बघितलंही नाही. सरळ हातापाशी गेली आणि दोन्ही पंजांनी तो कोपराखाली धरला. माती ओली होती. बापू म्हणाला, "अहो बाई, हात लावू नका," आणि मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं.

तिचे अंगठे आपोआप चालायला लागले. त्या लांब गोळ्यावरून, वरून खाली, मनगटाकडे. मग परत वर. दाबत. मातीला दाबायचं असतं तसं नव्हे, अंगाला दाबायचं असतं तसं. एके ठिकाणी अंगठे थांबले.

"हय दुकायचा," ती म्हणाली.

मास्तरांना ऐकू आलं नाही. "काय म्हणाल्या?"

पांडू म्हणाला, "वैनी म्हनता, त्याला हय दुकायचा."

ती तशीच उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून मासे घेऊन कुणी ओरडत गेली, ती पार लांब जाईपर्यंत. मग भागीने हात काढून घेतले. दोन्ही हात मातीने भरलेले. तिने उजवा तळवा कपाळावर ठेवला आणि एकदाच आडवा ओढला. कुंकू गेलं. कपाळावर माती राहिली.

"चला पांडू भावजी," ती म्हणाली. "पाटलांना सांगा, गवत आना."

ती दोघं गेली. मग बापू म्हणाला, "म्हणजे आवडला तिला." असा तो माणूस. यालाच पुढे लोकांनी परीक्षक केलं.

मास्तरांनी हातावर ओला फडका टाकला. "उद्या साचा घ्यायचा," मला म्हणाले. "तोवर या हाताला हात लावू नकोस." मास्तर त्यानंतर दोन वर्षं होते. त्यांनी मला पुढे पुष्कळ शिकवलं, पाय शिकवला, मान शिकवली, माणसाची पाठ शिकवली. या हाताविषयी ते परत बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर यायच्या आधी मी पडवी उघडली. दारातून दिसत होतं, खारव्यांची माणसं गवताचे भारे घेऊन समुद्राच्या पुळणीकडे चालली होती. मी फडका काढला. हातावर भागीच्या बोटांचे खळगे होते. आठ बोटं, दोन अंगठे, आणि जिथे दुखायचं तिथे एक मोठा. मला ते बघवेना. एवढं नेमकं केलेलं काम, आणि त्यावर खळगे. मी माती घेतली, पाणी शिंपडलं, एकेक खळगा भरला आणि कोरणीने घासून गुळगुळीत केला. सगळे. वडील बघायला आले असते तर म्हणाले असते, काम बरं आहे.